लादी पाव: घरचा, मुलांच्या हातचा

मुलांना घेऊन पहिल्यांदाच काही भाजायचं असेल तर ब्रेडच्या लांबट लोफच्या वाटेला जाऊ नका. लोफ एकच असतो, आणि घरात मुलं दोन असली की तो कुणी केला यावरून जुंपते. शिवाय तो मधोमध कच्चा राहिला तर कापेपर्यंत कळत नाही. त्यापेक्षा लादी पाव करा. नऊ उंडे, ज्याचे त्याने वळलेले, डब्यात एकमेकांना बिलगून फुगलेले. एखादा वाकडा झाला तरी तोडताना कुणी बघत नाही, आणि सगळीच लादी जरा बसकी झाली तरी पावभाजीबरोबर खपून जाते.

एकूण साडेतीन तास धरा. त्यात हाताचं काम जेमतेम पाऊण तासाचं, बाकी सगळं थांबणं. पुस्तकात वाचून पाव करणारे मळण्याला घाबरतात. मुलांबरोबर करताना मळणं ही सगळ्यात सोपी गोष्ट. अवघड असतो तो मधला वेळ, जेव्हा पीठ झाकलेलं असतं आणि दर दोन मिनिटांनी कुणीतरी फडकं उचलून बघतं. म्हणून या लेखात मी मळण्याइतकंच त्या वेळाबद्दल लिहिणार आहे.

रात्री आठला जेवायचं असेल तर चार वाजता सुरुवात करा. मुलं झोपाळलेली किंवा भुकेली असताना अजिबात नको.

काय काय लागेल

मैदा ३०० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम (सपाट दीड टीस्पून), साखर २० ग्रॅम, मीठ ६ ग्रॅम (सपाट एक टीस्पून), दूध १०० मिली, पाणी ९० ते १०० मिली, लोणी किंवा बटर २५ ग्रॅम. वरून लावायला थोडं दूध आणि थोडं लोणी वेगळं. एवढ्यात साधारण ५५० ग्रॅम पीठ होतं, म्हणजे ६०-६० ग्रॅमचे नऊ पाव. त्यासाठी २० सेंटिमीटरचा चौकोनी डबा बरोबर पुरतो.

वजनकाटा असेल तर तोच वापरा. आपल्याकडे प्रत्येक घरातली वाटी वेगळी, आणि मुलं तर मैदा वाटीत दाबून दाबून भरतात. काटा नसेल तर २४० मिलीच्या मापाच्या कपाने अडीच कप घ्या, पण मैदा चमच्याने कपात टाका आणि वरून सुरीच्या पाठीने सपाट करा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला काट्यावर बसवा. आकडा २९८ वर आला की चिमटीने मैदा टाकत ३०० करण्यात त्यांना जो आनंद मिळतो, तो आपल्याला समजण्यापलीकडचा आहे.

परदेशात राहत असाल आणि तिथला ब्रेडसाठीचा मैदा आणला असेल, तर त्यात प्रथिनं जास्त असतात, म्हणून तो पाणी जास्त पितो. दोन-तीन चमचे पाणी वाढवायची तयारी ठेवा.

आधी यीस्ट जिवंत आहे का ते बघा

बाजारात यीस्ट तीन तऱ्हेचं मिळतं. बारीक दाण्यांचं इन्स्टंट थेट मैद्यात घालता येतं. जाडसर दाण्यांचं ॲक्टिव्ह ड्राय आधी कोमट पाण्यात भिजवावं लागतं. बेकरीवाल्याकडे मिळतं ते ताजं, दमट, वडीसारखं. ते इन्स्टंटच्या साधारण तिप्पट लागतं आणि फ्रीजमध्येही फार दिवस टिकत नाही.

इन्स्टंट भिजवायची गरज नाही, तरी मुलं बरोबर असतील तर भिजवाच. दूध आणि पाणी एकत्र कोमट करा, त्यात साखर विरघळवा, यीस्ट भुरभुरा आणि दहा मिनिटं बाजूला ठेवा. वर फेसाचा जाड थर आला की यीस्ट कामाचं. नाही आला तर तिथेच थांबा. मैदा फुकट घालवण्यापेक्षा पाच रुपयांचं यीस्ट फेकलेलं बरं.

कोमट म्हणजे किती? बोट बुडवलं तर ना गार लागेल ना गरम. थर्मामीटर असेल तर ३५ ते ४० अंश. यीस्ट ही जिवंत बुरशी आहे, ५५-६० अंशांच्या पुढे ती मरते. मी पहिल्या खेपेला चहाचं दूध उतरवून तसंच ओतलं होतं. फेस आला नाही, पण मी मनात म्हटलं, येईल पिठात. दोन तासांनी परातीत होता तसाच गोळा, आणि लेकीचा प्रश्न, 'आई, हा झोपलाय का?' त्या रात्री त्या गोळ्याच्या जाड पोळ्या लाटल्या.

याच वेळी एक बाटलीचा खेळ लावून द्या. छोट्या प्लास्टिकच्या बाटलीत अर्धी वाटी कोमट पाणी, एक चमचा साखर, एक चमचा यीस्ट घाला, हलवा, आणि तोंडाला फुगा ओढून बसवा. बाटली गरम पाण्याच्या भांड्यात उभी केली की वीस-तीस मिनिटांत लोंबणारा फुगा मान वर काढायला लागतो. यीस्ट साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतं, आणि पिठात हेच घडतं, फक्त तिथे फुग्याच्या रबराऐवजी मैद्यातलं ग्लुटेन, म्हणजे पाणी लागल्यावर प्रथिनांचं होणारं चिवट जाळं, ताणलं जातं. एवढं सांगितलंत की पुढचं सगळं मुलांना आपोआप कळतं. इडलीचं पीठ रात्रीत का वर येतं हेही त्याच वेळी सांगून टाका. तिथे काम करणारे जीव वेगळे, पण हवा तीच.

मळणं, आणि हाताला चिकटणारं पीठ

परातीत मैदा आणि मीठ हाताने कालवून घ्या. मध्ये आळं करून फेसाळलेलं दूध ओता. लहानग्याला, म्हणजे तीन-चार वर्षांच्या मुलाला, इथे लाकडी चमचा द्या. कोरडा मैदा कुठे दिसेनासा झाला की चमचा काढून घ्या आणि परात झाकून वीस मिनिटं सोडून द्या. मळू नका.

हा विसावा फार कामाचा. त्या वीस मिनिटांत मैदा पाणी शोषतो आणि ग्लुटेन आपलं आपण जुळायला लागतं, म्हणजे मळण्याचं निम्मं काम कुणी न करता होतं. लहान हातांना उरलेलं निम्मं झेपतं.

आता ओट्यावर घ्या. ओटा स्वच्छ पुसलेला, मैदा न भुरभुरलेला. पीठ चिकटेल. अगदी बोटांच्या बेचक्यांत जाऊन बसेल, नखांखाली शिरेल, आणि मूल दोन्ही हात वर करून 'मावशी, हे निघतच नाही' म्हणून उभं राहील. इथेच बहुतेक घरांत पाव बिघडतो, कारण मोठं माणूस दया येऊन मूठभर मैदा टाकतं. मग आणखी एक मूठ. पीठ पोळ्यांच्या कणकेसारखं घट्ट होतं, हात मोकळे होतात आणि पाव दगड होतो. पावाचं पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैलच हवं. मैद्याचा डबा आधीच उचलून कपाटात ठेवा. हात मोकळे करायचे असतील तर तळव्यांवर अर्धा चमचा मैदा चोळा, पिठाचे धागे भुरभुर गळून पडतात; ते गोळ्यात मिसळा आणि पुढे चालू द्या.

तळव्याच्या टाचेने पुढे ढकलायचं, बोटांनी मागे दुमडायचं, चतकोर फेरा फिरवायचं. आपल्याकडे कणीक तिंबणे हा शब्द आहे, तो इथे शब्दशः लागू. मुलांना ओट्यावर आपटायला आवडतं. आपटू द्या, पिठाला त्याने फायदाच होतो. प्रत्येकाने पन्नास मोजायचे आणि दुसऱ्याला द्यायचं, असं केलं की भांडण टळतं आणि पाढेही होतात. पाचेक मिनिटांनी लोणी थोडं थोडं घाला. लोणी घातल्यावर पीठ एकदम फाटल्यासारखं, बुळबुळीत होतं. घाबरू नका, आणखी पाच-सहा मिनिटांत ते लोणी पोटात घेऊन गुळगुळीत होतं.

लोणी शेवटी का? स्निग्धता मैद्याच्या कणांवर चढली की ग्लुटेनला जुळायला वेळ लागतो. पोळ्यांच्या कणकेत आपण मोहन घालतो ते ती मऊ, खुसखुशीत राहावी म्हणून. पावात आधी ताण हवा, मऊपणा नंतर.

झालं हे ओळखायची एक छान रीत आहे. लिंबाएवढा तुकडा घेऊन चारी बाजूंनी हळूहळू ताणा. न फाटता त्याचा पातळ पडदा झाला आणि खिडकीकडे धरल्यावर पलीकडचा उजेड दिसला, की पीठ तयार. मुलं यातून पाच वेळा पडदा फाडतील. फाडू द्या, परत गोळ्यात मिसळता येतो.

कच्चं पीठ मात्र चाखू देऊ नका. कच्च्या मैद्यात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात, ते भाजल्यावरच मरतात. सुरुवातीला हात साबणाने धुणं आणि नखं कापणं हेही त्यातलंच.

पहिलं फुगणं

भांड्याला तेलाचा हात लावून गोळा ठेवा, ओलं फडकं घट्ट पिळून वर घाला. दुप्पट व्हायला हवं. मे महिन्यात विदर्भात हे चाळीस मिनिटांत होतं, डिसेंबरात नाशिकला दोन तासही लागतात. घड्याळावर जाऊ नका. थंडीत बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याचं भांडं ठेवून शेजारी पीठ ठेवा. ओव्हन चालू करायचा नाही.

पण दुप्पट झालं हे मुलांना कसं कळणार? स्टीलच्या भांड्यात तर मोठ्यांनाही कळत नाही. मी असं करते: गोळ्यातला सुपारीपेक्षा थोडा मोठा तुकडा तोडून सरळ काचेच्या ग्लासात तळाशी दाबून बसवते आणि त्याच्या वरच्या कडेशी रबरबँड लावते. मोठ्या गोळ्याचं जे होतं तेच त्या तुकड्याचं होतं. पीठ रबरबँडच्या दुप्पट उंचीवर आलं की भांडं उघडायचं. मुलं मग फडकं उचलत नाहीत, ग्लासाशी बसून राहतात. थोड्या मोठ्या मुलाला दर दहा मिनिटांनी पट्टीने मोजून वहीत लिहायला सांगा. पहिले वीस मिनिटं जवळपास काहीच होत नाही आणि मग एकदम वेग धरतो, हे त्या आकड्यांत स्पष्ट दिसतं.

याच वेळात गोष्टी सांगता येतात. पाव पायाने मळतात म्हणून त्याला पाव म्हणतात, असं आम्हाला लहानपणी सांगायचे. ते खरं नाही. पोर्तुगीज भाषेत ब्रेडला 'पांव' म्हणतात, तो शब्द त्यांच्याबरोबर या किनाऱ्यावर आला आणि राहिला. गोव्यात पाव करणाऱ्याला अजून पोदेर म्हणतात, तोही पोर्तुगीजच शब्द. सायकलच्या मागच्या टोपलीत पाव आणि भोंग्याचा पों-पों आवाज, हे तिथलं सकाळचं घड्याळ. यीस्टची पाकिटं येण्याआधी तिथले लोक पीठ आंबवायला माडाची ताडी, म्हणजे सूर, वापरत. तिथला कोंडा लावलेला चपटा पाव म्हणजे पोळी, बांगडीसारखा कडक तो काकण, आणि गोल, वरून चीर असलेला तो उंडो. आपण कणकेच्या गोळ्याला उंडा म्हणतो आणि त्यांचा भाजलेला पाव उंडो. हे ऐकून माझी भाची म्हणाली होती, 'म्हणजे त्यांचा उंडा मोठा झाला.'

उंडे वळणं

फुगलेल्या पिठात मूठ दाबून हवा काढा. हे काम सगळ्यात धाकट्याचं, आणि यावर वाद घालू नये.

काट्यावर ६०-६० ग्रॅमचे नऊ तुकडे करा. मुलं लाडू वळतात तसे दोन तळव्यांत वळायला लागतील. तसं केलं तर वरून गोल दिसतो पण भेग राहते, आणि भाजताना पाव त्या भेगेतून उकलतो. बरोबर पद्धत अशी: तुकड्याच्या कडा ओढून खालच्या बाजूला मधोमध चिमटायच्या, मोदकाचं तोंड मिटतो तसं. मग चिमटलेली बाजू ओट्याकडे ठेवून वरून हाताची घुमटी करायची आणि हात गोल गोल फिरवायचा. ओट्याला तळ किंचित चिकटला पाहिजे, म्हणजे वरची साल ताणली जाते. इथेही मैदा भुरभुरायचा नाही. पहिले दोन उंडे तुम्ही करा, पुढचे मुलांना करू द्या, आणि जे बिघडतील ते डब्याच्या मधल्या रांगेत लावा.

कुणीतरी कासव करणारच. एक-दोन उंडे त्यासाठी सोडून द्या, पण वेगळ्या ताटलीत भाजा. कासवाचे पाय पातळ असल्यामुळे ते लादीच्या आधी, दहा-बारा मिनिटांत होतं. मिरीचे दाणे डोळ्यांना चालतात. मनुके बाहेर राहिले की करपतात.

डब्याला लोणी फासा, तळाला बटर पेपर घाला. तीन-तीनच्या तीन रांगा, दोन उंड्यांत बोटभर जागा. फुगून ते एकमेकांना भिडतात आणि भिडलेल्या बाजूंना कडक साल येत नाही. लादी म्हणतात ती यालाच. दूर दूर ठेवलेत तर नऊ सुटे बन होतील. वाईट नाहीत, पण तो लादी पाव नव्हे.

पुन्हा झाकून ३०-४५ मिनिटं. तयार झाले हे बोटाने कळतं. उंड्याच्या कडेला बोटाचं टोक हलकेच दाबा. खळगा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे. सावकाश, अर्धवट भरून आला तर भाजा. अजिबात भरला नाही तर उशीर झालाय, ताबडतोब ओव्हनमध्ये टाका. दाबून बघायचं काम एकाच मुलाकडे द्या, नाहीतर नऊ उंड्यांना अठरा खळगे पडतात.

भाजणं

ओव्हनचं दार, ट्रे आणि डबा, तिन्हींना फक्त मोठ्यांचे हात. ही एकच गोष्ट मी कडक शब्दांत सांगते. ओट्याच्या कडेपासून हातभर अंतरावर खडूने रेघ मारा, भाजणं सुरू झालं की रेघेच्या आत कुणी यायचं नाही.

ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) १९० अंशांवर, दोन्ही कॉइल चालू ठेवून दहा-पंधरा मिनिटं तापवा. उंड्यांवर ब्रशने दूध लावा. हा ब्रश तीन वर्षांच्या मुलालाही देता येतो, फक्त दाबून नाही, 'मांजराला कुरवाळतो तसं' लावायला सांगा. मधल्या किंवा त्याखालच्या कप्प्यात १८ ते २२ मिनिटं. पहिल्या काही मिनिटांत पाव डोळ्यांदेखत उंच होतो: उष्णतेने यीस्ट शेवटचा जोर लावतं, आतली हवा पसरते, मग यीस्ट मरतं आणि पीठ तिथेच घट्ट बसतं. रेघेबाहेर बसून काचेतून हे बघण्यासारखं असतं. वरून लवकर तांबूस झाला तर ॲल्युमिनियम फॉइल सैल घाला.

बाहेर काढला की लगेच वरून लोणी फासा आणि किंचित ओलसर फडकं घाला. बेकरीतला पाव मऊ असतो, आपला वरून कडक होतो, अशी तक्रार असते तिचं उत्तर बहुतेक वेळा हे फडकंच असतं. पाच मिनिटांनी डब्यातून काढून जाळीवर ठेवा. तळाला टिचकी मारा, पोकळ आवाज आला पाहिजे. आणि मग पंधरा मिनिटं तोडायचा नाही. गरम असताना आतला गर चिकट असतो, तोडला की कच्चा वाटतो. ही पंधरा मिनिटं सगळ्या साडेतीन तासांत सर्वात लांब. त्या वेळात ओटा मुलांकडून पुसून घ्या. वाळलेलं पीठ आधी ओल्या फडक्याखाली भिजू द्यावं, मग निघतं.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात मिठाचा थर पसरा, वर लहान कड्याची चकती ठेवा, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. त्यात डबा ठेवून झाकून मंद-मध्यम आचेवर ३० ते ३५ मिनिटं. कुकर वापरलात तर शिट्टी आणि रिंग दोन्ही काढून, आणि त्यात पाणी न घालता. पाव पूर्ण भाजला जातो, पण वरून पांढराच राहतो. तव्यावर लोणी सोडून उलटा करून भाजा. पावभाजीला आपण तसाही भाजतोच.

मीठ विसरलं तर

आमच्याकडे एकदा मीठ राहिलं. मुलांनी मोजून वाटीत काढलं होतं, ती वाटी फुगलेल्या पिठामागे तशीच सापडली. त्या दिवशी पीठ नेहमीपेक्षा खूप लवकर वर आलं, कारण मीठ यीस्टला लगाम घालतं, आणि लगामच नव्हता. मळतानाही ते ढिलं, चिकट लागत होतं. दिसायला देखणा झाला, चवीला ओला कापूस. मीठ राहिल्याचं मळताना लक्षात आलं तर चमचाभर पाण्यात विरघळवून घालता येतं. भाजल्यावर झणझणीत मिसळीचाच आधार.

पाव खाली घट्ट आणि वर मोकळा झाला असेल तर बहुतेक दुसऱ्या फुगण्याला वेळ कमी पडला. मधोमध बसला असेल तर जास्त झाला. आंबूस, दारूसारखा वास आला तरी तेच, फार वेळ ठेवला गेला.

कणकेचा करायचा असेल तर पहिल्या खेपेला नको. दुसऱ्यांदा ३०० पैकी १०० ग्रॅम मैद्याऐवजी कणीक घ्या आणि दोन चमचे पाणी वाढवा. सगळी कणीक घेतली तर त्यातला कोंडा ग्लुटेनचे धागे तोडतो आणि पाव जड होतो. मुलं तो एकदा खातील, दुसऱ्यांदा विचारतील की आजही तोच का.

उरलेला पाव फ्रीजमध्ये ठेवू नका. तिथे तो बाहेरपेक्षा लवकर शिळा, कोरडा होतो. दोन दिवस बंद डब्यात बाहेर, पावसाळ्यात एकच दिवस, नाहीतर सरळ फ्रीजरमध्ये. आणि दुसऱ्या दिवशी दोनच पाव उरले असतील, तर ते मुलांना हाताने कुस्करायला द्या, कांदा-मोहरी-हळदीची फोडणी करा, पाण्याचा हबका मारा आणि झाकण ठेवून एक वाफ आणा.